एका ओळीचा ठराव

"उत्तर द्या, मग बोट काढते," असे त्या म्हणत.

उघडलेल्या पुस्तकातील एका ओळीखाली उजव्या हाताची तर्जनी टेकवायची आणि समोरच्या माणसाकडे शांतपणे पाहत राहायचे, ही त्यांची रीत. लोकर पिंजून पिंजून त्या बोटाचे पेर जाड झाले होते. समोर तलाठी असो, ग्रामसेवक असो की माझ्यासारखा निवृत्त शिक्षक, उत्तर मिळेपर्यंत ते बोट हलत नसे. एकदा एका कारकुनाने वैतागून म्हटले, "बाई, पुस्तक उचला, मला सही करायची आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "करा की साहेब. माजं बोट कलमाखाली हाय, तुमच्या हाताखाली न्हाई."

आपल्यापैकी ज्यांनी सरकारी कचेऱ्यांच्या ओसरीवर बसून माणसे पाहिली आहेत, त्यांना असे एखादे बोट आठवत असेल. अर्जदार पुष्कळ असतात. अर्ज देऊन घरी न जाणारे थोडे.

आमचे गाव घाटनांदूरपासून फार लांब नाही. माध्यमिक शाळेत मी संस्कृत शिकवले. निवृत्त झाल्यावर सकाळी महादेवाची पूजा आणि चातुर्मासात पोथीवाचन, एवढाच माझा व्यवहार उरला होता. एका श्रावणात दुपारी देवळाच्या पायरीशी या बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेले काहीतरी होते.

"गुरुजी, ही पोथी तुमाला येती का?"

मी हात धुऊन ती घेतली, उघडली. भारताचे संविधान, मराठी प्रत.

"बाई, हा विषय माझ्या अधिकारातला नाही," मी म्हणालो. "यासाठी वकील पाहावा."

"वकील पायला. त्येला कलम कळतंय, पर सांगता येत न्हाई. हितले शबुद लई जड हायेत. गावात जड शबुदाचं माणूस तुमीच."

ही स्तुती होती की तक्रार, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. मी मात्र त्यांना ओसरीवर बसवले आणि त्यांची हकिकत ऐकली.

त्यांचे घर मेंढपाळाचे. दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचे, गेवराईकडे गोदावरीच्या काठाने शेताशेतांतून खतासाठी मेंढ्या बसवत फिरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायचे. अशाच एका फेरीत चौसाळ्याजवळ हमरस्ता ओलांडताना एका मालमोटारीने त्यांच्या यजमानांना उडवले. माणूस वाचला, परंतु कमरेखालचे शरीर गेले. उपचारासाठी मदत मागायला बाई कचेरीत गेल्या, तेव्हा कळले की गरिबांच्या यादीत त्यांचे नावच नाही. पाहणी झाली ती ऐन हिवाळ्यात. पाहणीदाराने त्यांच्या नावापुढे शेरा मारला होता: 'घर बंद.'

"माज्या घराला दारच न्हाई गुरुजी," बाई म्हणाल्या. "तट्ट्या हाय, तोबी वाऱ्यानं पडतोय. बंद कसं आसंल?"

एवढे सांगून त्या हसल्या. दोन वर्षे अंथरुणावर काढून यजमान गेले होते, हे त्यांनी हसून झाल्यावर सांगितले.

अंबाजोगाईच्या एका वकिलाने त्यांना संविधान उघडून दाखवले होते. त्यात एकोणचाळिसाव्या कलमात असा आशय आहे की, प्रत्येक स्त्री-पुरुष नागरिकाला उपजीविकेचे पुरेसे साधन मिळवण्याचा हक्क असावा, या दिशेने राज्याने आपले धोरण आखावे. एकेचाळिसाव्यात वार्धक्य, आजारपण, बेकारी यांत साहाय्याची गोष्ट आहे. बाई हरखून गेल्या. तेव्हा वकिलाने दोन पाने मागे जाऊन सदतिसावे कलम दाखवले. मार्गदर्शक तत्त्वांच्या या भागातील तरतुदी न्यायालयामार्फत अमलात आणून घेता येणार नाहीत, असे तिथे आहे. वकील प्रामाणिक होता. दुसऱ्या कलमांच्या आधाराने कोणी कोणी लढले आहेत, पण त्यात आयुष्य जाते, हेही त्याने सांगितले.

बाईंनी बोट सदतिसाव्या कलमाखाली ठेवले. "गुरुजी, फुडं हक्क लिव्हलाय. म्हागं लिव्हलंय, दाद मागायची न्हाई. मग लिव्हलं कावून?"

मी त्यांना माझ्या परीने समजावू लागलो. आमच्या मीमांसाशास्त्रात वाक्यांचे प्रकार मानतात. 'अमुक करावे' अशी आज्ञा करणारे वाक्य म्हणजे विधी. त्या आज्ञेची गोडी लागावी म्हणून तिची थोरवी गाणारे वाक्य म्हणजे अर्थवाद. या भागातली कलमे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभी आहेत, असे मी म्हणालो.

बाईंनी सगळे लक्षपूर्वक ऐकले. मग म्हणाल्या, "म्हंजी देवाला नवस बोलायचा, आन् वर सांगायचं, देवा, फेडीन, पर इचारू नगंस."

चाळीस वर्षे शास्त्र शिकवूनही मला ते इतके नेमके सांगता आले नसते. मी त्यांचे काम हाती घेतले ते त्या वाक्यासाठी.

काम म्हणजे एक ठराव. बाईंनी वाट शोधून ठेवली होती. संविधानात दुरुस्ती संसद करते. परंतु राज्याच्या विधानसभेने तशी शिफारस करावी, असे ग्रामसभांनी ठराव करून कळवले आणि अशी गावे वाढत गेली, तर कोणाला तरी ते वाचावे लागेल. पहिला ठराव आपल्या गावाचा व्हावा, मग तो कागद घेऊन मेंढ्यांच्या वाटेवरच्या प्रत्येक गावात जायचे, अशी त्यांची योजना होती. "मला तर वरीसभर गावंच गावं लागत्यात," त्या म्हणत. "कळप चरंल, ठरावबी चरंल."

मसुदा मी लिहिला. सव्वा पान झाले. 'निर्वाहसाधनसंपन्नता' हा शब्द मला विशेष साधला होता. बाईंनी मला तो तीनदा म्हणायला लावला.

"ह्यो शबुद संपंस्तवर माजी मेंढरं गेवराईला पोचतील," त्या म्हणाल्या. "तोडा."

मग आम्ही दोघे ओसरीवर बसून तोडत गेलो. प्रत्येक शब्द कापताना मला अपराध्यासारखे वाटत होते. शेवटी एक ओळ उरली: पोटापुरते साधन हा माणसाचा हक्क संविधानात लिहिलेला आहे, तो मिळाला नाही तर न्यायालयात दाद मागता यावी, अशी दुरुस्ती करण्याची शिफारस आपल्या विधानसभेने संसदेकडे करावी. बाईंनी ती दोनदा वाचली. "आता माणसावानी दिसायला लागलं," म्हणाल्या.

यानंतरचे वर्ष आठवले की माझ्यासारख्या स्वभावाने सोशीक माणसाचाही जीव आजही तळमळतो.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेसाठी बाई कळप दिराच्या हवाली करून गोदाकाठाहून तीन वाहने बदलत आल्या. गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ती आठ दिवसांनी झाली, तेव्हा बाई परत रानात होत्या. एक मे रोजी त्या पुन्हा आल्या. ग्रामसेवक म्हणाले, "विषय विषयपत्रिकेत नाही. ऐनवेळच्या विषयांत घेऊ." ऐनवेळ आलीच नाही. ज्यांच्या घरांपुढे 'बंद' असा शेरा होता, ती सगळी कुटुंबे त्या दोन्ही दिवशी मेंढ्यांमागे होती.

त्यातच गावात कुजबुज उठली की बाई संविधान बदलायला निघाल्या आहेत. ज्यांना त्या ग्रंथामुळे मान वर करून चालता आले, त्यांना हे ऐकून चीड येणे स्वाभाविकच होते. दोन तरुण त्यांना पारावर अडवून म्हणाले, "संविधानाला हात लावायचं काम न्हाई, मावशे. सांगून ठेवतो."

"मी कुटं बदला म्हणते, बाळांनो?" बाई म्हणाल्या. "त्यात बोललेला नवस फेडा म्हणते. तुमाला दाद मागाया मिळाली तर तुमचं काय जाईल?"

तरुण वाटेतून बाजूला झाले, कुजबुज मात्र थांबली नाही. आणि इथे मी मध्ये पडलो. ही चूक माझी आहे, म्हणून ती मी सविस्तर सांगतो.

मला वाटले, या बाईंच्या मनात ग्रंथाविषयी किती आदर आहे, हे गावाला दिसले म्हणजे संशय फिटेल. आणि आदर दाखवण्याची एकच रीत मला ठाऊक होती. मी सुचवले, "बाई, आषाढात तुम्ही सगळे परतलात की शाळेच्या ओसरीवर आपण संविधानाचे सात दिवसांचे पारायण करू. मी वाचतो. सगळे गाव ऐकेल, मग पंधरा ऑगस्टला ठराव मांडू."

बाईंनी विचारले, "गुरुजी, पारायणात लोकं बोलत्यात का?"

"ऐकतात ना," मी म्हणालो.

पारायण झाले, आणि आमच्या गावात कोणतेही कार्य होते तसे उत्तम झाले. चौरंगावर पांढरे वस्त्र, त्यावर बाईंचे पुस्तक. सगळ्या आळ्यांतील माणसे एकाच जाजमावर बसली, याचा मला आनंद झाला आणि तो खोटा नव्हता. पारावरचे ते दोन तरुणही रोज पहिल्या ओळीत असत. बायका फुले आणत. उठताना माणसे ग्रंथाला हात जोडत. "लई समाधान वाटलं," असे मला रोज कोणीतरी सांगे. काय ऐकले, हे कोणी सांगत नसे.

पहिल्याच दिवशी सदतिसावे कलम आले. मी ते वाचले. बायकांच्या बाजूने बाई उभ्या राहिल्या. "गुरुजी, थांबा. ही ओळ परत वाचा. मंडळी, आयका हो जरा, हितंच खरी..."

माझा डावा तळहात वर गेला. "वाचन चालू असताना मध्ये बोलू नये," मी म्हणालो.

जन्मभर प्रत्येक पोथीसमोर मी तेच म्हणत आलो होतो. बाई खाली बसल्या. मी अडतिसावे कलम वाचू लागलो. माझा आवाज त्या दिवशी फार चांगला लागला होता, असे नंतर लोक म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांच्या झोपडीशी गेलो. "माझे चुकले, बाई."

"तुमचं न्हाई चुकलं गुरुजी," त्या चरखीवर सूत कातत म्हणाल्या. "तुमचा हात चुकला. आता हाताला काय बोलावं!"

सातव्या दिवशी समारोपाला सरपंच बोलले. मोठे बागायतदार, राजकारणात मुरलेले, वागायला अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि जाहीर केले, "हा ग्रंथ आता ग्रामपंचायतीत काचेच्या पेटीत ठेवायचा. पेटी माझ्याकडून. त्याचं पावित्र्य आपण जपायचं."

टाळ्या झाल्या. मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "पुस्तक बाईंचे आहे."

"गुरुजी, आता ते गावाचं झालं," ते हसून म्हणाले.

बाईंच्या हातात घोंगडीचा तो रिकामा तुकडा होता. त्यांनी त्याची घडी केली आणि काखेत धरली.

पंधरा ऑगस्टला मात्र बाईंनी कमाल केली. प्रत्येक मेंढपाळाच्या घरी त्या स्वतः गेल्या होत्या. पहिल्यांदाच ती सगळी माणसे सभेला बसली होती. गणपूर्ती झाली आणि विषय विषयपत्रिकेत होता. बाईंनी पुस्तक मागितले. ग्रामसेवक म्हणाले, "पेटीची चावी नाही माझ्याकडं."

"ऱ्हाऊ द्या. मला पाठ हाय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आधी कलम आणि मग ठराव न अडखळता म्हटला. एवढे नीट उच्चार माझ्या वर्गात फार थोड्यांनी केले असतील.

सरपंच शांतपणे उठले. "बाईंच्या भावनेचा आदर आहे. पण ज्या ग्रंथाचं आपण सात दिवस पारायण केलं, फुलं वाहिली, त्यातच खोट काढायची? गुरुजी इथं आहेत. गुरुजी, तुम्हीच सांगा, पोथीतली ओळ कोणी बदलतं का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभा राहिलो आणि माझ्या सवयीने सावकाश म्हणालो, "पोथीतील ओळ आपण बदलत नाही, हे खरे आहे..."

टाळ्या पडल्या. त्या मेंढपाळांच्या बाजूनेही पडल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पुढे मी म्हणालो की, हा ग्रंथ आपली दुरुस्ती कशी करावी हे स्वतःच सांगतो, त्याच्या कर्त्यांनी ती वाट मुद्दाम ठेवली आहे, म्हणून त्यात भर घालणे हा त्याचा अवमान नव्हे. हे किती जणांनी ऐकले, मला माहीत नाही. टाळ्या संपल्या तेव्हा लोक पुढच्या विषयाकडे, गटारीकडे वळले होते.

बाई ग्रामसेवकांच्या टेबलाशी गेल्या. "काय लिव्हलं?"

"'चर्चा झाली. ग्रंथाविषयी आदर व्यक्त करण्यात आला.'"

"पास झाला का पडला?"

"तसं काही नाही बाई. चर्चा झाली."

"मग पडला आसं तरी लिव्हा."

"विरोधात एकही हात नाही. पडला कसं लिहू?"

"मग पास लिव्हा."

"बाजूचे हात मोजले नाहीत."

"मग मोजा की! समदी हितंच हायेत!"

"बाई, गटारीचा विषय चाललाय," ग्रामसेवक म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

परतताना बाई वाटेत एकदाच बोलल्या. "पडलेलं मेंढरू उचलता येतंय गुरुजी. हरवलेलं कुटं हुडकावं?"

धीर धरा, असे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आहे. त्या दिवशी हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही, याचे मला अजूनही समाधान आहे.

दिवाळी झाल्यावर त्या कळप घेऊन निघाल्या. जाताना देवळाच्या पायरीशी आल्या, ठरावाचा कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जानेवारीला मला येणं व्हायचं न्हाई. दिराचं अंग दुखतंय, कळप कुणावर सोडू? तुमी मांडा. आन् गुरुजी, बारीक बोला. टाळ्या वाजायच्या आत संपलं पायजे."

त्यानंतर त्या गावात आल्या नाहीत. चैत्रात गोदाकाठी कुठल्याशा शेतात त्यांना कावीळ झाली, दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला. कळप दिराने परत आणला. ही वार्ता मला पूजेला बसण्यापूर्वी कळली, आणि त्या दिवशी देवासमोर बसून मी कोणाचे नाव घेत होतो, हे मला सांगता येणार नाही.

त्यांच्याशी माझे शेवटचे बोलणे झाले ते सव्वीस जानेवारीच्या दुपारी. सभा संपवून मी नुकताच घरी आलो होतो. भ्रमणध्वनी वाजला. पलीकडून मेंढ्यांचा कालवा आणि वारा ऐकू येत होता.

"मांडला का?"

"मांडला, बाई. एका दमात. कोणाला टाळी वाजवायला जागाच ठेवली नाही."

"मग?"

"सूचक म्हणून माझे नाव लिहिले. अनुमोदक कोण, असे विचारले. कोणी उठले नाही."

"आन् तुमी? नाव सांगून खाली बसलात?"

"नाही. अनुमोदक मिळेपर्यंत मी बसणार नाही, असे सांगितले आणि उभा राहिलो."

"लई ब्येस केलं गुरुजी!" त्यांचा आवाज एकदम उजळला. "मग? किती येळ उभं व्हतात?"

"पाच-सात मिनिटे असेन. कोणी माझ्याकडे पाहिना. मग सरपंचांनी राष्ट्रगीत सुरू केले. ते संपले, सभा संपली."

एक मेंढी अगदी जवळून ओरडली. मग त्या हसल्या; मला वाटते, हसल्याच.

"म्हंजी शेवटाला समदं गाव उभं व्हतं की गुरुजी," बाई म्हणाल्या. "कुणी मोजलं आसतं, तर पास झाला आसता."